सायकल स्टँडमधलं हैदराबाद

आमच्या घरात देवघराला लागून एक लाकडी फळी टांगलेली आहे. तिच्यावर खिळ्यांच्या ओळी, आणि प्रत्येक खिळ्यावर टिनाचे दोन-दोन गोल बिल्ले. पाहुणे विचारतात, हे काय हो? मी तोंड उघडायच्या आत बायको सांगते, "ही यांची पहिली बायको." चिडवायला म्हणते, पण खोटं नाही ते. जन्मभर मी त्या फळीसमोर बसलो. स्टँड बंद झाल्यावर पत्रे विकले, बाक विकला. फळी मात्र घरी आणली.

सालेकसा तालुक्यातल्या एका लहान स्टेशनाबाहेर माझा सायकल स्टँड होता. स्टेशनाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक दिवाळी अंक वाचतात, आणि आपली सायकल यात आली नाही म्हणून भांडायला माझ्या दारात येतील.

धंदा सोपा. एका नंबरचे दोन बिल्ले. सायकल आली की एक बिल्ला तारेनं हँडलला बांधायचा, दुसरा माणसाच्या हातात द्यायचा. परत येऊन बिल्ला दिला की सायकल त्याची. सायकल गेली की दोन्ही बिल्ले पुन्हा एका खिळ्यावर. संध्याकाळची लोकल गेल्यावर फळीवर सगळे बिल्ले जोडीनं लटकलेले दिसले की मला बरं वाटायचं. जो तो आपापल्या घरी पोचला असं वाटायचं. आणि नियम एकच: बिल्ला आणेल त्यालाच सायकल. एकदा एक मोठे साहेब बिल्ला हरवून आले आणि माझ्यावर हिंदीत गरजले, "मुझे पहचानते नहीं?" म्हटलं, साहेब, तुम्हाला पहचानतो, पण सायकल तुम्हाला पहचानत नाही. ते बिल्ला शोधायला गेले. गवसला त्यांना, चष्म्याच्या घरात.

पण सगळ्या सायकली संध्याकाळी घरी जात नसत. धान कापून झालं, गावोगावच्या मंडया आटोपल्या की आमच्याकडची माणसं निघतात. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची आमची गावजत्रा. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुपारी दंडार, म्हणजे आमचं नाचगाण्याचं नाटक, होते. ती झाली की पिशवी कॅरिअरला बांधून माणूस जंगलातल्या वाटेनं सायकल हाणत स्टेशनावर येतो आणि गाडीत बसतो. कोणी हैदराबादेला इमारतीवर, कोणी मिरची तोडायला, कोणी गुजरातेत कारखान्यात, कोणी पुण्याकडे. सायकल माझ्याकडे. पुन्हा उतरेल तेव्हा घरी जायला ती लागणारच, त्या बाजूला तेव्हा वेळेवर मिळेल असं दुसरं काही नव्हतं. या मुक्कामी सायकलींसाठी मी मागच्या भिंतीला लागून वेगळी ओळ केली होती, मोहाच्या झाडाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये. तिचं नाव हैदराबाद. माणूस सुरतेला जावो की सातारला, मी म्हणायचो, "जा, हैदराबादेत लाव."

उभी सायकल पडून खराब होते हे लोकांना माहीत नसतं. चाक एकाच जागी टेकून राहिलं की टायर तिथंच दबतं आणि फुटतं. सीटमध्ये उंदीर घर करतात. कुंभारीण माशी पाइपाच्या तोंडात चिखलाचं मडकं बांधते. म्हणून त्या सायकली मी डबल स्टँडवर उचलून ठेवायचो, म्हणजे मागचं चाक हवेत. दुपारी गाड्या नसत. स्टेशन मास्तर डुलकी काढत. तेव्हा मी तेलाची बुधली घेऊन हैदराबादेत शिरायचो. चेनीला तेल द्यायचं आणि पायडल एकदा जोरात मारून सोडायचं. एकीचं मारलं की दुसरीचं. शेवटच्या सायकलीपाशी पोचायचो तोवर पहिलीचं चाक अजून फिरत असायचं. मग मी मोहाखाली बसायचो. सगळी चाकं हवेत फिरताहेत, टिकटिक टिकटिक चालली आहे, पत्र्याच्या भोकांतून आलेलं ऊन आऱ्यांवर चमकतंय, आणि एकही सायकल जागची हलत नाही. कधी डोळा लागायचा. त्या झोपेत मला सगळी माणसं दिसायची, आपापल्या सायकलीवर बसलेली, गर्दी करून माझ्या स्टँडमधून चाललेली, आणि कोणीच काही बोलत नाही. जाग यायची तेव्हा चाकं थांबलेली असायची. मग चहा प्यायचो.

नमुने तर किती पाहिले. एक पवार भाऊ वर्षभरानं परतले, बिल्ला दिला, मी सायकल काढून समोर ठेवली. म्हणतात, "ही माझी नाही." नंबर तोच. तरी म्हणतात, "माझी काळी होती, ही निळी आहे." मी म्हटलं, तुमच्या घरचे लोक येऊन रंगवून गेले. त्यांच्या बायकोनं दाराला आणलेला ऑइलपेंट उरला म्हणून सायकलीला दिला होता, अगदी सीटच्या स्प्रिंगांपर्यंत. भाऊ बराच वेळ सायकलीभोवती फिरले, मग घंटी वाजवून पाहिली. घंटीचा आवाज ओळखला तेव्हा कुठे बसले. जाता जाता म्हणाले, "घरी गेल्यावर आनखी काय काय निळं झालं असन, कोन जाने."

त्यावरून दसऱ्याची गोष्ट सांगायला हवी. दसऱ्याला आपण अवजारांची, गाडीघोड्याची पूजा करतो. घरचा माणूस परगावी, त्याची सायकल माझ्याकडे. मग बाया पूजा करायला स्टँडवर येऊ लागल्या. आधी एक आली, पुढच्या वर्षी चार आल्या, मग रीतच पडली. सकाळच्या उन्हात हैदराबादेत बायांची दाटी व्हायची. झेंडूची माळ हँडलला, कुंकवाचं बोट मडगार्डला, चाकापुढे लिंबू. आधी पदरानं सायकल पुसायच्या. सीट पुसताना हात जरा सावकाश फिरायचा. काही जणी तिच्याशी बोलायच्याही, हळू आवाजात, धान किती झालं, म्हैस व्याली का, पोराला ताप होता. मी तेव्हा पाठ करून बिल्ले मोजत असल्याचं दाखवायचो. दिवसभर मग ती ओळ झेंडूनं पिवळी दिसायची आणि तेलाच्या वासात फुलांचा वास मिसळायचा. एवढं सुंदर माझ्या त्या टिनाच्या स्टँडमध्ये दुसरं काही नव्हतं.

त्यातलीच एक रमशिलाबाई. जंगलाच्या आत, आठ-नऊ किलोमीटरवर तिचं गाव. नवरा सुकराम, उंच, लांब पायांचा, कमी बोलणारा. त्याची सायकल सत्तावीस नंबरला. सीट इतकी वर चढवलेली की दुसरा कोणी बसला तर पाय लोंबतील. पहिली काही वर्षं तो मंडईनंतर जायचा आणि होळीला यायचा. मग एका वर्षी होळीला नाही आला. फोन यायचे. फोनवर म्हणायचा, काम लांबलं. पुढे फोनही कमी झाले, आणि एक दिवस नंबरच लागेना. दसऱ्याला मात्र रमशिलाबाई न चुकता यायची, आणि तिचं बोट धरून तिची मुलगी सरिता.

मी एकदा म्हटलं होतं, "बाई, ही सायकल घरी काऊन नेत नाही? बिल्ल्याचं मी पाहून घेतो. तुम्ही काय परक्या आहात?"

ती म्हणाली, "नेली त ते उतरतीन तवा कायनं येतीन घरी?"

मला हसू आलं नाही. सुरुवातीला यात साधा हिशेब होता, उतरल्यावर सायकल लागते म्हणून ठेवायची. पण वर्षं लोटली तसा हिशेब मागे पडला आणि नुसता धरून ठेवलेला विश्वास उरला. तिच्या एकटीचा नाही, बऱ्याच जणींचा. सायकल स्टँडवर आहे म्हणजे माणूस वाटेत आहे. एका बाईनं दिराच्या सांगण्यावरून सायकल नेली आणि नवरा आला नाही, ही गोष्ट साऱ्या गावांत फिरली. तो नवरा त्याआधीही कधी वेळेवर आला नव्हता, हे कोणी सांगत नसे. मीही कधी सांगितलं नाही. सांगून काय मिळवलं असतं?

सरिता सातवी पास झाली आणि आठवीला स्टेशनगावच्या शाळेत आली. गावातल्या तिघी जणी पायी यायच्या. सकाळची बस फार लवकर, संध्याकाळची फार उशिरा. जवळच्या गावांतल्या मुलींना शाळेतून सायकली मिळाल्या होत्या, यांची नावं पुढच्या खेपेला होती. पावसाळा लागला तशी एक मुलगी घरी बसली. मग दुसरी. सरिता एकटी उरली. शाळा सुटली की ती माझ्या स्टँडवर थांबायची, ओढणी पिळायची, हैदराबादेत जाऊन सत्तावीस नंबरला हात लावायची आणि निघायची.

एक दिवस तिनं विचारलं, "मामा, मी नेऊ का?"

"तुझ्या आईला विचार."

"आई नाई म्हनते."

"मग बिल्ला आण."

"बिल्ला बाबाजवळ आहे."

झालं, विषय संपला. तिच्या आईनं एक शब्द टाकला असता तर मी माझा नियम चुलीत घातला असता. पण आईचा जीव त्या सायकलीला बांधलेला, तारेनं बांधलेल्या बिल्ल्यासारखा. तो मी कसा सोडवू?

मग मला एक युक्ती सुचली. मी म्हटलं, "पोरी, सायकल स्टँडच्या बाहेर जायला नको, एवढंच ना? आत फिरव की." शाळा सुटल्यावर थोडा वेळ ती मोहाच्या झाडाभोवती सायकल फिरवू लागली. सीट तिला पोहोचेना, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारायची. मी म्हटलं, सीट खाली करू का? तिनं मान हलवली. "बाबाची आहे." आधी पडली, गुडघा फोडून घेतला. मग जमलं. पावसाची भुरभुर, चिखलात चाकाची गोल रेघ, आणि ती त्या रेघेवरून फिरतेय, दांड्याआडून अर्धीच दिसतेय. मी फळीसमोर बसून पाहायचो. मला वाटायचं ही पोरगी आता घरी पोचली, आता पुन्हा निघाली, पुन्हा पोचली. मग ती सायकल पुसून जागेवर लावायची आणि पायी जायची.

दसऱ्याला रमशिलाबाई आली. माळ घालता घालता तिची नजर टायरवर गेली. टायरला वाळलेला चिखल. ती ताडकन उभी राहिली.

"भाऊ, ही सायकल कोनं चालवली?"

"फाटकाबाहेर गेली नाही, बाई. देवाशपथ." मी सरिताकडे पाहिलं. "दाखव तुझ्या आईला."

सरितानं माळेसकट सायकल काढली आणि मोहाभोवती एक फेरी मारली. झेंडूची फुलं पडत होती. बाकीच्या बाया पूजा सोडून पाहत उभ्या. रमशिलाबाईच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. घाबरली होती, आणि पोरगी पडेल म्हणून हातही पुढे झाले होते. फेरी संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाय पुरत नाईत हिचे." आणि सायकल स्वतःच्या हातानं जागेवर नेऊन लावली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरिताला वाटेत अस्वल आडवं आलं. काही केलं नाही, वाट ओलांडून गेलं. पण पोरगी झाडामागे किती वेळ उभी राहिली कोण जाणे, अंधार पडल्यावर घरी पोचली. दुसऱ्या आठवडी बाजारी आई माझ्याकडे आली. "भाऊ, हे वर्ष होऊ द्या. मंग नाई पाठवत. पोरगी जितीजागती पाह्यजे मले." मी म्हटलं, सायकल असती तर उजेडात पोचली असती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि निघून गेली. त्या दिवशी मला तिचा रागच आला. बाई, येणाऱ्यासाठी घरातल्या पोरीला बसवून ठेवता का, असं ओठावर आलं होतं. बोललो नाही. आता वाटतं, बरं झालं बोललो नाही.

मंडई झाली. माणसं निघाली. त्यात तिच्याच गावचा मंगरू होता. हसरा माणूस, पानाची पिचकारी दूरवर मारण्यात पटाईत. तो हैदराबाद शहराच्या ज्या बाजूला जायचा त्याच बाजूला सुकराम दिसला होता म्हणे कोणाला. मंगरू सायकल लावून बिल्ला घेत होता तेव्हा सरिता शाळेचं दप्तर घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"काका, बाबा भेटले त एक सांगजा."

"काय सांगू? घरी या म्हनू?"

"नाई. बाबाले 'येजा' म्हनू नोका." ती सरळ त्याच्याकडे पाहत होती. "बिल्ला मागजा. सत्तावीस नंबरचा. मले शाळेत यायले सायकल पाह्यजे म्हना."

मंगरूच्या तोंडातलं पान थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी फळीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत किती जणांनी किती निरोप दिले होते त्या फाटकाशी. लवकर या म्हणून, पैसे पाठवा म्हणून, देवाची आण घालून. नुसता बिल्ला मागणारी ही पहिलीच.

हिवाळा गेला. मोहाची पानं झडली, फुलं येऊ लागली, सकाळी स्टँडभर त्यांचा गोड वास. बाया टोपल्या घेऊन वेचायला यायच्या, त्यांना मी हाकलायचो नाही. सरिता पायी येत-जात होती. परीक्षा जवळ आली, म्हणजे तिची शाळाही संपत आली, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. ती फेऱ्या मारायची, मी चाकांना तेल द्यायचो.

होळीच्या आधी मंगरू उतरला. स्वतःचा बिल्ला दिला, सायकल घेतली, आणि जाता जाता थांबला. मी विचारलं, "भेटला का?"

"भेटला." त्यानं पान थुंकलं, पण जवळच. "बरा आहे. तिकडंच घर केलन त्यानं, भाऊ. बाई आहे, लहान पोरगा आहे." मग खिशावर हात ठेवला. "बिल्ला देलन. किल्लीच्या छल्ल्यात ठेवून होता एवढे दिवस."

मी तो बिल्ला मागितला नाही. तो मंगरूकडून माझ्या हातात यायचा नव्हता.

दोन दिवसांनी रमशिलाबाई आली. एकटी, बाजाराचा दिवस नसताना. माझ्यासमोर बाकावर बसली. मुठीत बिल्ला होता. कडा घासून गुळगुळीत झालेल्या, मधला आकडा अर्धा पुसलेला. माझे बिल्ले इतके झिजत नाहीत, तो रोज कोणाच्या तरी बोटांत फिरत असणार. तिलाही ते दिसलं असावं. ती त्याच्यावर अंगठा फिरवत होती.

"मंगरूभाऊनं सांगतलन सगरं," ती म्हणाली.

मी चहा सांगितला. तिनं घेतला नाही.

"मी म्हनायची, हरवला असन बिल्ला. त्याच्यानं येत नसतीन." तिनं नाक पुसलं. "इतके वर्ष जवळ ठेवून होते. म्हंजे यायचं होतं त्याईच्या मनात. होतं ना, भाऊ?"

"होतं, बाई," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटलं. आजही वाटतं. माणूस एकीकडे घर करतो आणि दुसऱ्या घराची किल्ली छल्ल्यात ठेवून देतो, असे मी कितीतरी पाहिले. त्याचा राग करावा की कीव करावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती उठली, हैदराबादेत गेली, सायकलीच्या सीटवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सीट खाली करा."

ती सीट खाली करणं सोपं नव्हतं. दांडा आतल्या आत गंजून पक्का बसला होता. तेल सोडलं, पान्याला लाकूड लावून हातोडीनं ठोकलं. प्रत्येक ठोक्याला बाई डोळे मिटायची. शेवटी करकरत दांडा खाली उतरला. तेवढ्यात शाळा सुटली आणि सरिता फाटकात आली. तिनं आधी सीट पाहिली, मग आईच्या मुठीकडे पाहिलं. आईनं बिल्ला माझ्या हातात दिला.

"सत्तावीस," मी म्हणालो. रोजचं तेच तोंडात आलं.

सरिता फाटकाबाहेर पडली ती सीटवर बसून, अगदी ताठ. आई मागून चालत होती. वळणावर पोरगी थांबली, आई कॅरिअरवर बसली. मग झाडं आली मध्ये.

मला वाटलं सत्तावीस नंबर आता रिकामा झाला. दोन्ही बिल्ले खिळ्यावर टाकले. पण दुसऱ्याच दिवशी शाळेच्या वेळेला सरिता सायकल घेऊन हजर. शाळेत सायकल लावायला जागा होती, तरी माझ्याकडे आली. "आईनं सांगतलन, दिवसा इथंच लावजो. जागा रिकामी राहू देजो नोको." मी दोन्ही सत्तावीस खिळ्यावरून काढले. एक हँडलला, एक तिच्या हातात. कधी नव्हे तो हैदराबादेतल्या सायकलीचा बिल्ला रोज संध्याकाळी माझ्याकडे परत यायला लागला, तोही प्लॅटफॉर्मकडून नाही, शाळेकडून. नववी, दहावी, बारावी. गावातल्या त्या दोन मुली पुन्हा शाळेत आल्या, सरिता त्यांना आळीपाळीनं मागे बसवून आणायची. त्या काळात माझा स्टँड मोटारसायकलींनी भरू लागला होता, हैदराबादेत चारसहाच सायकली उरल्या होत्या. दुपारी चाकं फिरवली तरी टिकटिक पटकन थांबायची. झोपही नीट लागेना.

बारावीनंतर सरिताचा नंबर नागपूरला नर्सिंगला लागला. निघायच्या दिवशी ती सायकलवरून आली, बॅग कॅरिअरला बांधलेली, आई बाजूनं चालत. त्याच वाटेनं, तशीच, जशी मी जन्मभर माणसं निघताना पाहिली. मी सायकल घेतली, बिल्ला तिच्या हातात दिला. ती आता तो बिल्ला पर्समध्ये टाकेल आणि गाडीत बसेल, मग रमशिलाबाई दसऱ्याला माळ घेऊन येईल, असं सगळं डोळ्यासमोर येऊन गेलं.

गाडी आली. सरितानं बिल्ला आईच्या हातात ठेवला आणि तिची मूठ मिटली. "आई, सायकल घरी ने."

आई गडबडली. "मंग तू येशीन तवा?"

"तवा तू ये मले घ्यायले."

गाडी गेल्यावर बाई बराच वेळ स्टँडमध्ये उभी होती. मी म्हटलं, ठेवायची तर ठेवा, जागा तुमचीच आहे. तिनं मान हलवली, बिल्ला दिला, सायकल हातात धरून निघाली. चालवता कुठे येत होती तिला. घंटीला धक्का लागला की घंटी वाजायची, ती दचकायची, पुन्हा चालायची. मी दोन्ही बिल्ले खिळ्यावर टाकले खरे, पण मनात म्हटलं, येईल परत, दसऱ्यापर्यंत ठेवायला येईल.

दसऱ्याला ती आली नाही. माझ्या स्टँडचा तो शेवटचा दसरा. दोन-तीन बाया येऊन गेल्या, झेंडूही थोडाच होता.

दिवाळीला नागपूरहून गाडी यायची वेळ होती. मी बाकावर बसलो होतो. रस्त्याकडून घंटीचा आवाज आला. रमशिलाबाई सायकल चालवत आली. हँडल थोडं हलत होतं, पदर खोचलेला, घाम आलेला. फाटकाशी उतरली. मी पाहिलं, सीट आणखी खाली आली होती.

मी सवयीनं बिल्ल्यासाठी खिळ्याकडे हात नेला. "लावा, बाई. गाडीला थोडा वेळ आहे."

"कायले?" ती धापा टाकत म्हणाली. "लगेच जाऊन राहिलो आमी."

ती सायकल धरून तशीच फाटकाशी उभी राहिली. गाडी आली. सरिता उतरली, हसत आली, हँडलला हात घालू लागली. आईनं तिचा हात बाजूला केला.

"बस मांगं," म्हणाली.

पोरगी बॅग मांडीवर घेऊन कॅरिअरवर बसली. दोघी गेल्या. मी वळून फळीकडे पाहिलं. दोन्ही सत्तावीस एकाच खिळ्यावर लटकत होते, एकावर एक.